आयजीच्या जिवावर बायजी उदार

छत्रपती संभाजीनगरात सध्या एक म्हणणं जोरात आहे. उद्योजकांच्या मेळाव्यात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि निवृत्त मंडळींच्या सकाळच्या फेरफटक्यात ते सारख्याच खात्रीनं ऐकू येतं. मराठवाडा दरिद्री होता तोवर मिशनऱ्यांनी धान्याच्या पोत्याआडून धर्म वाटला. आता चिकलठाणा झालं, वाळूज झालं, शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक उभं राहतंय, हाताला काम आलं. तरीही जी काही गरिबी मागे राहिली, ती कंपन्यांचा सीएसआर आणि आपल्या मातीतल्या सेवा संस्था बघून घेतील. थोडक्यात काय, मिशनरी हा इतिहासातला लाजिरवाणा अध्याय, उद्योग हा त्यावरचा उतारा आणि सीएसआर ही वरची दक्षिणा.

हे बोलणाऱ्यांपैकी बरेच जण वेळप्रसंगी खिशात हात घालणारे आहेत, रक्तदानाच्या रांगेत उभे राहणारे आहेत. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे.

आधी आमिषाचं बघू. हा आरोप करताना डोळ्यांसमोर नेहमी गोरा पाद्री असतो. याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, चर्च मिशनरी सोसायटीचं काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक वर्षं ज्यांनी ओढलं, ते रत्नजी नवरोजी पारशी होते. जालन्याचे नारायण शेषाद्री ब्राह्मण. त्यांनी १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनच्या घरात होता. त्या पोराला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबईत जो गदारोळ उठला, त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेऊन सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. थोरल्या शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. जमीन मिळाली ती निजामाच्या राज्यात, सालारजंगांच्या कारकिर्दीत. मांग समाजातून ख्रिस्ती झालेली कुटुंबं तिथं राहिली. गावकुसाबाहेरच्या माणसाला राहायला हक्काची जागा आणि कसायला रान मिळावं, हे त्या काळात मराठवाड्यात आणखी किती जणांनी घडवून आणलं? धर्मांतराची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. पण पोतं वाटणं आणि गाव वसवणं ही दोन कामं एकाच 'आमिष' या शब्दात कोंबायची असतील, तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

दुष्काळात धर्मांतरं वाढली, हे खरं. १८७६ ते ७८ च्या आणि शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या फुगली, आणि हे लोक श्रद्धेनं आले की पोटासाठी, असा वाद मिशनऱ्यांमध्येही होता. पण पोटासाठी गेलेल्याला हसायचा अधिकार कुणाला? ज्यानं तेव्हा आपली विहीर आणि आपलं कोठार त्याच्यासाठी उघडलं, त्याला. जोतीराव फुल्यांना तो होता. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. बाकीच्यांनी जरा जपून बोलावं.

आणि या आमिषाची गंमत पुढेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती ठरल्या त्या फक्त हिंदूंमधल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात ख्रिस्ती दलिताला इतर मागासवर्गात ढकलून दिलं आहे. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावसारख्या जुन्या मिशनच्या गावात पणजोबा ख्रिस्ती झाला असेल, तर पणतू वाळूजला हेल्पर म्हणून लागतो तेव्हा त्याची जात भाड्याची खोली देणाऱ्याला बरोबर कळते, सरकारी कागदाला मात्र कळत नाही. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही गेलं. ज्या गळाला लागल्यावर माशाच्याच तोंडचा घास जातो, तो गळ टाकणारा कोळी अजबच म्हणायचा.

मिशनांवर आरोप करायचाच असेल तर दुसरा आहे, आणि तो ही मंडळी कधी करत नाहीत.

इंग्रज सरकारनं कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि त्यांच्यासाठी सेटलमेंट उभारल्या. त्यातल्या अनेकांचा कारभार मिशनांकडे सोपवला गेला. मुक्तिफौजेनं उत्तर हिंदुस्थानात हे काम हौसेनं अंगावर घेतलं होतं. मुंबई इलाख्यातल्या काही सेटलमेंटही मिशनांच्या हाताखाली होत्या. सोलापूरची सेटलमेंट आपल्या जवळची. काटेरी तारेच्या आत कुटुंबं, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला परवानगी हवी. आणि ही माणसं कामाला कुठं जात? सोलापूरच्या कापड गिरण्यांत. ठरल्या वेळेला येणारा, संपावर जाऊ न शकणारा, पळाला तर पोलिसांनीच धरून आणायचा, असा मजूर कुठल्या मालकाला नको असेल? सेटलमेंटमध्ये मुलांना शाळा होती, आजाऱ्यांना औषध होतं, ते चालवणाऱ्यांच्या मनात कदाचित खरी करुणाही असेल. पण ती करुणा कुंपणाच्या आतली होती आणि कुंपणाबद्दल ती मौन पाळत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. कुणाच्या दयेनं नव्हे, स्वतंत्र देशाच्या संसदेनं तो काढला.

माझ्या मते दोन-चारशे बाप्तिस्म्यांपेक्षा हे पाप कितीतरी मोठं. इथं ख्रिस्ती दया सरकारच्या आणि गिरणीच्या पदरी नोकरीला लागली. पण हे पाप कुणी उगाळत नाही, कारण ते उगाळायला बसलं की पाद्र्याच्या पाठोपाठ गिरणीमालकाचंही नाव निघतं.

या शहराचं औद्योगिकीकरण स्कूटरपासून मोजायची आपल्याला सवय लागली आहे. औरंगाबादेत सूत आणि कापडाची गिरणी उभी राहिली १८८९ मध्ये. तिच्यात सातशे माणसं कामाला होती. १९०० मध्ये मनमाडकडून हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि कापसाच्या जिनिंग फॅक्टऱ्या निघाल्या. म्हणजे शतकाच्या शेवटचा तो भयंकर दुष्काळ आणि इथले भोंगे एकाच काळातले. कारखाना आला आणि भूक गेली, असं तेव्हाही झालं नव्हतं.

गिरणी उभी राहिली त्याच वर्षी लंडनच्या गोदी कामगारांनी ताशी सहा पेन्स मजुरीसाठी संप पुकारला. ऐंशी ओलांडलेले कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीला उतरले आणि कामगारांना सहा पेन्स मिळाले. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरम नोव्हारम' हे परिपत्रक काढलं. खाजगी मालमत्तेचे ते कट्टर पाठीराखे आणि समाजवादाचे विरोधक होते. तरीही त्यांनी लिहिलं की मजुरानं नाइलाजानं कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, आणि कामगारांना आपली संघटना बांधायचा हक्क आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि त्यासाठी याच परिपत्रकाचा दाखला दिला. म्हणजे चर्चच्या घरातच दोन परंपरा आहेत. एक खीर वाढते. दुसरी मजुरीचा दर विचारते. आपल्याकडे पहिली भरपूर आली, दुसरी फार थोडी.

दुसरी आपल्याकडे ज्यांनी चालवली ते ख्रिस्ती नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सणवार आणि यंत्रांची साफसफाई सोडली तर सुट्टी नसे. साहेब रविवारी चर्चला जायचा, आत साचे चालू असायचे. लोखंड्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० ला मालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. बायबलातला विश्रांतीचा दिवस आपल्या गिरणी कामगाराला मिळाला तो असा, जेजुरीच्या देवाच्या नावानं आणि बिगर-ख्रिस्ती माणसाच्या झुंजीनं. मिशनांनी यावर आत्मपरीक्षण केलं असतं तर बरं झालं असतं.

अपवाद होते. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ १९२५ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यात, गिरणी-गोदीच्या वस्तीला लागून, नेबरहुड हाऊस चालवलं. धर्मांतरासाठी नाही, वस्तीसाठी. १९३६ मध्ये त्याच इमारतीत टाटांच्या पैशानं समाजकार्याचं महाविद्यालय सुरू झालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती. गरिबीवर नुसतं कळवळून भागत नाही, तिचा अभ्यास करावा लागतो, ही कल्पना आपल्याकडे संस्थेच्या रूपात आली ती अशी एका मिशनऱ्याच्या हातून. आज वाळूजच्या मोठ्या कंपन्यांत एचआरच्या खुर्चीत बसलेल्यांपैकी काही जण त्याच संस्थेचे पदवीधर असतील. मॅनशार्टना ते पाहून काय वाटलं असतं, हा वेगळा विषय.

दुसरा अपवाद आपल्या शेजारचा. नगरला सोशल सेंटर चालवणारे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर. दुष्काळी गावात धान्य घेऊन जाण्याऐवजी ते पाणलोटाचा आराखडा घेऊन गेले. गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान कबूल केल्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही. विहिरीला पाणी आलं की ते पाणी गावाचं, फादरचं नाही. दान घेणारा दुसऱ्या दिवशी कुणाकडे काय मागू शकतो, हे माझं माप आहे. त्याच्या हातात काही आलं की नुसतं पोटात गेलं? देणाऱ्याच्या मनात येशू होता, भारतमाता होती की ब्रँड होता, हे मला दुय्यम वाटतं. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून या शहरात स्वस्तात उपचार करतं, वस्त्यांत जातं. त्यामागची प्रेरणा लपलेली नाही, आणि त्याला कुणी आमिष म्हणत नाही. म्हणूही नये. फक्त माप सगळ्यांना एकच लावा.

या मापाला पूर्ण उतरलेलं एक उदाहरण महाराष्ट्रानंच घडवलं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यानं अमेरिकेची मिलो खाल्ली, कामावर सुकडी खाल्ली. धर्मादाय संस्था आल्या, त्यांत ख्रिस्तीही होत्या. पण जीव वाचवले ते मुख्यतः दुष्काळी कामांनी. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी कायद्यात आली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागितलं की देणं सरकारला भाग, नाही दिलं तर बेकारभत्ता. आणि पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून. तुमच्या-माझ्या पगाराच्या स्लिपवर तो आजही कापलेला दिसतो. त्या दोनशे रुपयांसाठी कुणी आपल्याला हार घातला नाही, फोटो काढला नाही, आणि खड्डे खोदणाऱ्या बाईला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत.

आता आजच्या शहराकडे येतो, कारण 'रोजगार आला, गरिबी गेली' हे या वादाचं मुख्य खांड आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरानं एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. कर्ज मिळालं सात टक्क्यांच्या आसपास, आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याहून महाग पडतं, हे पी. साईनाथांनी तेव्हाच लिहिलं. त्याच शहरात आठवडा-आठवडा नळ कोरडे असतात. जायकवाडी धरण तेच, पण कारखान्यांचं पाणी एमआयडीसीच्या वेगळ्या योजनेतून येतं. एप्रिल २०१६ च्या टंचाईत उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं बिअर आणि दारू कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं, मग साठ टक्क्यांनी कापायला सांगितलं. त्या उन्हाळ्यात टँकर वाटणाऱ्यांचे फोटो खूप छापून आले. माझ्या दृष्टीनं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं पाणीदान मात्र न्यायालयाचा तो आदेश होता, आणि तो दान नव्हता.

रांजणगाव शेणपुंजीत किंवा जोगेश्वरीत एका खोलीत चार-पाच पोरं राहतात. त्यांना विचारा, पर्मनंट कोण? हसतील. कुणी ठेकेदाराकडे, कुणी ट्रेनी, कुणी अप्रेंटिस. सहा-सात महिने झाले की 'ब्रेक'. म्हणजे २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, भरले तर कायम करा म्हणून दावा लावेल. ब्रेकनंतर तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच मशीनवर उभा. पीएफ कापला जातो, भरला जातो की नाही हे त्याला कळत नाही. ईएसआयचं कार्ड बनेपर्यंत पुन्हा ब्रेक. मशीनमध्ये बोट गेलं की घाटी रुग्णालय आहेच, म्हणजे जनतेच्या पैशानं. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची, हे कंत्राटी कामगार कायद्यानं १९७० पासून सांगून ठेवलं. पण ते मागायला त्या मुलाकडे हजेरीचा कागदच नसतो.

आणि आता सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. चांगली गोष्ट. पण नियमांत एक अट आहे जी व्यासपीठावर कधी वाचली जात नाही: फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही. अट वाजवीच आहे, नाहीतर पगारही त्यात दाखवले असते. पण तिचा अर्थ असा की शाळेच्या भिंतीला रंग लावणं समाजसेवा, आणि त्या शाळेतल्या पोराच्या बापाला पुरी मजुरी देणं हा निव्वळ खर्च, जितका कमी तितका बरा. बापाच्या मजुरीत वाचवलेल्या रुपयातून नफा, नफ्यातून दोन टक्के, दोन टक्क्यांतून पोराला वह्या, आणि वह्यांच्या मुखपृष्ठावर कंपनीचं बोधचिन्ह. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण ज्यानं केली त्याला कंपनी कायदा ठाऊक नव्हता, पण माणूस ठाऊक होता.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजच्या एका हातमोज्यांच्या कारखान्यात आग लागली. सहा कामगार गेले. ते तिथं कामावर नव्हते, झोपले होते. कारखान्यातच झोपणारा कामगार कुठल्या लाभार्थी यादीत बसतो?

आणि करमाड. ८ मे २०२० ला पहाटे रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या लोखंड कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातली माणसं. टाळेबंदीत या पट्ट्यात दानाला काही कमी नव्हती: गुरुद्वारे, मशिदी, चर्च, संघाचे स्वयंसेवक, सगळे अन्न वाटत होते. त्या माणसांकडे भाकरी होती. रुळांवर ती विखुरलेली सगळ्या देशानं पाहिली. पाससाठी अर्ज केल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं. पास नव्हता, गाडी नव्हती, ज्याला आपला मालक म्हणावा असा कुणी उत्तरदायी माणूस नव्हता. अन्नछत्र वाढवून हे मरण टळलं असतं, असं ज्याला वाटतं त्याच्याशी माझं काही बोलणं उरत नाही.

चर्चवाल्यांनी इथं टाळ्या वाजवू नयेत. छावणीत आणि जालना रोडवर मिशनच्या इंग्रजी शाळांत आज प्रवेश कुणाला मिळतो? ज्यांच्या घरी आमिषाचा सिद्धांत रात्रीच्या जेवणाबरोबर चघळला जातो, त्यांच्याच मुलांना. घोगरगावच्या शेतमजुराचं पोर त्या बाकावर क्वचित दिसतं. आंबेडकरांनी मिशनांवर हाच ठपका ठेवला होता की त्यांची विद्यालयं वरच्या जातींच्या कामी आली, आणि त्यांनी स्वतः १९५० मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं ते नेमकी उलटी दिशा धरून. नाताळला फुलंब्रीकडच्या वस्तीत ब्लँकेटं वाटणाऱ्या धर्मप्रांतानं त्या ब्लँकेटांच्या पैशात एक कामगार वकील वर्षभर नेमला, तर तेराव्या लिओंना नक्की आवडलं असतं. ख्रिस्ती दलितांच्या अनुसूचित जातीच्या मागणीसाठी मोर्चे काढणारे धर्मगुरू त्याच दलितांच्या कंत्राटी हजेरीसाठी कामगार उपायुक्तांच्या दारात कधी बसलेले मी पाहिले नाहीत.

जूनमध्ये वह्यावाटपाची निमंत्रणं येतील. जरूर जा, चहा घ्या. मग व्यासपीठावरच्या माणसाला विचारा की रोज तुमच्या गेटातून आत जाणाऱ्यांत कायम किती, ठेकेदाराचे किती, आणि ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ गेल्या महिन्यात भरला का. जो आकडा सांगतील तो लिहून घ्या आणि फोटोबरोबर छापायला द्या.